जमिनीवर थेंब नाही, तरी गाडी पाणी खाते

आमची पिकअप २००९ची. एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग, डिझेल, हौद्याचा पत्रा दोनदा बदललेला. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग उचलायची, उद्यमनगरात लेथवर पोचवायची, आणि आठवड्यातून एखादी फेरी गगनबावड्यावरून घाट उतरून कोकणात, हा तिचा धंदा. मागच्या उन्हाळ्यात तिने पाणी खायला सुरुवात केली.

‘पाणी खाणं’ हा गॅरेजातला शब्द. रेडिएटरमधलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी होतंय, पण जातंय कुठे ते दिसत नाही, अशी अवस्था. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरायचो. सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत. आणि आठवड्याने झाकण उघडलं की अर्धा लिटर गायब. एका गॅरेजात दाखवली, तर तिथल्या माणसाने बॉनेटही नीट उघडलं नाही. म्हणाला, “हेड गेलंय मालक. काढून बघाय लागंल.” हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. तो काढायचा म्हणजे गाडी आठवडाभर उभी आणि खर्चाचा आकडा ऐकूनच घशाला कोरड. मी गाडी परत आणली आणि ठरवलं, आधी हे प्रकरण समजून घेऊ, मग काय काढायचं ते काढू.

समजून घ्यायला प्रेशर कुकरपासून सुरुवात केलेली बरी. इंजिनात डिझेल जळतं, त्यातली बरीचशी उष्णता गाडी ओढण्याच्या कामी येतच नाही. ती लोखंडात साठते. ती उचलायला इंजिनाच्या पोटात पोकळ्या असतात, त्यातून पाणी फिरतं, रेडिएटरमध्ये येऊन थंड होतं आणि परत आत जातं. फिरवतो तो वॉटर पंप, म्हणजे गॅरेजातली ‘वॉटर बॉडी’. अडचण एकच. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या पातेल्यातलं पाणी १०० नव्हे, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. भर घातलेली गाडी घाट चढताना इंजिनाचं पाणी या आकड्याला सहज भिडतं. ते उकळलं तर वाफ होणार, आणि वाफ काही पाण्यासारखी उष्णता उचलत नाही.

म्हणून सगळी यंत्रणा बंद करून दाबाखाली ठेवतात. घरच्या कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास पोचलेलं असतं. रेडिएटरचं झाकण म्हणजे तीच शिट्टी. झाकणावर बघा, ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला सापडतो. तितका बार दाब होईपर्यंत ते पाण्याला बाहेर पडू देत नाही. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका असं सगळे सांगतात त्याचं कारणही हेच. आत ११० अंशांचं पाणी निव्वळ दाबामुळे गप्प बसलेलं असतं. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि ते सगळंच्या सगळं एकदम उकळतं. हात, तोंड, जे समोर असेल ते भाजतं. हात लावता येईल इतका रेडिएटरचा वरचा पाईप गार झाल्याशिवाय झाकणाला शिवायचं नाही.

पण कुकरच्या शिट्टीला जे नाही ते या झाकणाला आहे. त्यात दोन झडपा असतात. मोठी झडप दाब वाढला की उघडते, आणि तापून फुगलेलं जास्तीचं पाणी बारीक नळीने बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जातं. गाडी गार झाली की आतलं पाणी आकसतं, आत ओढ तयार होते, मग मधली छोटी झडप उघडते आणि बाटलीतलं पाणी परत आत खेचलं जातं. रोज बाहेर, रोज आत. दाजीपूरच्या जंगलातल्या गव्यासारखं म्हणा, पाण्यावर येतो आणि रानात परत जातो. परतीची वाट बंद झाली तर?

आमचा पहिला चोर तिथेच होता. बाटलीत पाणी कायम भरलेलं, म्हणून मी निर्धास्त. रेडिएटर मात्र वरून चार बोटं रिकामा. बाटलीकडे जाणाऱ्या नळीला झाकणाजवळच केसाएवढी चीर होती. पाणी बाहेर ढकललं जाताना चिरेतून थोडं निसटायचं, ते गरम पत्र्यावर सुकून जायचं. परत ओढताना पाण्याऐवजी चिरेतून हवा आत यायची, कारण हवा ओढायला सोपी. म्हणून बाटली बघून पाण्याची पातळी ठरवू नये. गार गाडीचं झाकण काढून आत बघायचं. फूटभर नळी, पंचवीस-तीस रुपये. मी जिंकल्याच्या थाटात घरी आलो.

पुढच्या कोकणफेरीनंतर पुन्हा पाणी कमी. अर्धा लिटर नाही, पण पाव लिटर नक्की.

इथे मला आमचे मिस्त्री भेटले. उद्यमनगरातल्या एका बोळात त्यांचं शेड आहे, वय सत्तरीला टेकलेलं, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी पुठ्ठ्याचं पुराण सांगितलं. ते हसले. “पुठ्ठा कोरडाय म्हंजे गाडी गळत न्हाई, आसं कुणी सांगितलं तुमास्नी? कुटं गळतंय ते ऱ्हाऊ द्या. कवा गळतंय ते सांगा.”

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. मामांनी एक वही गाडीत ठेवायला लावली. रोज सकाळी गार गाडीत किती पाणी टाकलं, आदल्या दिवशी किती किलोमीटर, भर किती, घाट की सपाट. बस, एवढंच. गळती शोधणारे बहुतेक जण बॅटरी घेऊन गाडीखाली शिरतात. माझं मत आता असं आहे की गाडीखाली शिरायच्या आधी दहा दिवस वही लिहावी. कारण गळतीची वेळ कळली की निम्मी ठिकाणं आपोआप बाद होतात.

थंडीतल्या सकाळी गाडी सुरू करताना थेंब पडतात आणि दहा मिनिटांनी थांबतात, असं असेल तर बहुधा होज पाईपचं तोंड. रबर वर्षानुवर्षं तापून कडक झालेलं असतं, त्यावरची क्लिप सैल पडलेली असते. गारठ्यात धातूचं तोंड आकसतं आणि फट पडते. इंजिन तापलं की सगळं फुगून घट्ट बसतं. दुपारी गॅरेजात नेली तर मिस्त्रीला काहीच सापडत नाही आणि तुम्ही खोटे ठरता. क्लिप अर्धा आटा आवळून बघावी, पण कडक झालेल्या रबरावर आवळत सुटलात तर ते चिरतं. त्यापेक्षा पाईपच बदलावा.

गाडी बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी ओल दिसत असेल तर गोष्ट वेगळी. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, पण लोखंडातली उष्णता कुठे जाणार? ती उभ्या पाण्यात उतरते आणि दाब थोडा वेळ उलट वाढतो. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमचा गाभा जिथे जोडलेला असतो, तिथली बारीक भेग अशा वेळी बोलायला लागते. म्हणून घाट चढून आलात की लगेच चहाला जाऊ नका. पाच मिनिटांनी बॉनेट उघडून वास घ्या. कूलंटला गोडसर वास असतो, काकवी करपल्यासारखा. गुऱ्हाळाच्या दिवसांत आमच्याकडे हा वास ओळखणं अवघड, ते सोडा.

फक्त इंजिन चालू असतानाच पाणी जातं, तर नजर वॉटर बॉडीवर. पंपाच्या दांड्यावर एका बाजूला पाणी अडवणारं सील, दुसऱ्या बाजूला बेअरिंग, आणि दोघांच्या मध्ये खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील म्हातारं झालं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं, म्हणून. तिथे नुसता सुकलेला डाग असेल तर फार घाबरू नका, पण ओघळ दिसला तर पंपाचे दिवस भरले. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग मी पाहिलेत. मग पाणी बेअरिंग खातं आणि एके दिवशी पंखा रेडिएटरमध्ये घुसतो.

आणि एक. थेंब जिथे पडतो तिथे गळती असतेच असं नाही. पाणी पाईपच्या, वायरच्या अंगाने वाहत जातं, पंख्याचा वारा त्याला मागे फेकतो. जी ओली किंवा पांढरट-हिरवट खपली सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे आहे, चोर तिच्या जवळपास.

माझ्या वहीने काय सांगितलं? शिरोली ते उद्यमनगर, दिवसाला तीन फेऱ्या, महामार्ग आणि सिग्नल: नुकसान जवळजवळ शून्य. भर घेऊन गगनबावडा: प्रत्येक फेरीला पाव लिटर. म्हणजे पूर्ण दाब आणि पूर्ण ताप असला तरच जातंय. आणि जमिनीवर येत नाहीये.

जमिनीवर न येण्याच्या दोनच वाटा. पाणी इंजिनाच्या आत जातंय, किंवा बाहेर येऊन वाटेतच वाफ होतंय. आत जाण्याच्या वाटेला सगळे घाबरतात, आणि घाबरण्यासारखंच आहे ते. हेड आणि ब्लॉकच्या मधलं हेड पॅकिंग जळालं, तर जळालेला वायू पाण्यात शिरतो किंवा पाणी सिलिंडरमध्ये. खुणा ठरलेल्या असतात. गार गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा पाईप दगडासारखा कडक होतो, कारण पाणी तापण्याआधीच वायूने दाब भरलेला असतो. पाण्यात न थांबणारे बुडबुडे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय. सायलेन्सरमधून इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर. सकाळी पहिल्या दोन मिनिटांची वाफ यात धरायची नाही, ती प्रत्येक गाडीला येते. खात्री करायला एक निळं द्रावण मिळतं: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून खेचायची, हवेत जळालेला वायू असेल तर निळा रंग पिवळट-हिरवट होतो. हेड काढण्याआधी ही चाचणी कुणी करत नसेल तर गाडी तिथून उचला.

बऱ्याच डिझेल गाड्यांत आणखी एक लपलेली जागा असते, ईजीआर कूलर. धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडणारा हा डबा. धूर आतल्या नळ्यांतून जातो, बाहेरून पाणी. नळी फुटली की पाणी थेट धुरात मिसळून सायलेन्सरमधून निघून जातं. बाहेर ओल नाही, ऑइल स्वच्छ, आणि दोष येतो बिचाऱ्या हेडवर. आमच्या गाडीला हा डबा नाही. ऑइल स्वच्छ होतं, पाईप सुरुवातीला मऊ होता, निळं द्रावण निळंच राहिलं. हेड निर्दोष सुटलं.

राहिली दुसरी वाट. मामांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं एक यंत्र काढलं. रेडिएटरचं जुनं झाकण, मधोमध भोक पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पितळेने झाळलेला. विकतचं प्रेशर टेस्टर मिळतं, ते घ्यावं, पण उद्यमनगरात विकतचं घेणं हा कमीपणा समजतात. गार इंजिनावर ते झाकण बसवलं, पायाने मारायचा पंप लावला, आणि काट्याकडे बघत हळूहळू हवा भरली. ०.९ बार म्हणजे फक्त १३ पाउंड. पिकअपच्या मागच्या टायरला पन्नास-साठ लागतात, त्या सवयीने पंप मारला तर रेडिएटरची टाकीच फुटायची. तेराला थांबलो.

या चाचणीतली मेख अशी की दाब आहे, पण ताप नाही. जे पाणी एरवी वाफ होऊन उडतं ते आता पाणी म्हणूनच दिसणार. काटा दहा मिनिटांत तेरावरून दहावर आला. म्हणजे कुठून तरी जातंय. मामांनी दुचाकीचा जुना आरसा काठीला बांधून इंजिनाच्या बाजूला, सायलेन्सरकडे जाणाऱ्या जाड पाईपच्या मागे सरकवला. आरशात एक गोल पत्रा दिसला, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, आणि त्याच्या कडेला तपकिरी पाण्याचा एक मणी. मणी मोठा झाला, सुटला आणि खालच्या पाईपवर टपकला. गार पाईपवरून ओघळला. घाटात हाच पाईप शेकडो अंश तापलेला असतो. तिथे पडलेला थेंब चुर्र करून उडणार, गाडीखाली काय येणार? आणि इंजिन गार झालं की दाब जातो, गंजाची खपली भोक बुजवते. पुठ्ठा कोरडा.

“डमी,” मामा म्हणाले.

या डमी प्लगची गोष्ट कोल्हापूरकराला तरी माहीत असायला हवी, कारण ती फाउंड्रीतली आहे. इंजिन ब्लॉक ओततात तेव्हा पाण्यासाठी आतून पोकळी हवी असते. लोखंड ओतून झाल्यावर आतून कोरणार कसं? म्हणून साच्यात आधी वाळूचा कोअर बसवतात, त्याच्याभोवती लोखंड ओततात, थिजल्यावर कोअर फोडून वाळू झटकून काढतात. तो कोअर साच्यात टेकून राहावा आणि नंतर वाळू बाहेर यावी, यासाठी ब्लॉकच्या अंगाला गोल भोकं ठेवावीच लागतात. काम झालं की त्या भोकांत पत्र्याच्या वाट्या ठोकून बसवतात. त्याच या डमी. थंड देशांत पाणी गोठलं की त्या निसटून इंजिन वाचवतात अशी समजूत आहे, पण त्या त्यासाठी केलेल्या नाहीत. मी इतकी वर्षं शिरोलीतून वाळू झटकलेली कास्टिंग हौद्यात टाकून आणतोय, आणि माझ्याच गाडीच्या पोटाला अशी ठिगळं आहेत हे डोक्यात आलं नव्हतं.

ब्लॉक जाड ओतीव लोखंडाचा, वाटी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर पत्र्याची. गंज चढला की आधी तीच जाणार. आणि गंज चढवला कुणी? मीच. नळी चिरलेली असताना रोज जे पाणी ओतत होतो ते शेडमधल्या बोअरचं. ज्या पाण्याने बादलीला पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

“आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय, कूलंट कशाला?” हे वाक्य मीही वापरलंय. कूलंटमधलं ग्लायकॉल गोठण्यापासून वाचवतं हे खरं, निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं, आणि त्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. उत्कलनबिंदू थोडा वाढतो, तेवढा घाटात उपयोगी. पण खरी कामाची असतात ती त्यात घातलेली गंजरोधक रसायनं. लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात असले की गंजाला आमंत्रणच. ही रसायनं धातूवर पापुद्रा धरतात. ती हळूहळू खर्च होतात, म्हणून पाणी हिरवंगार दिसत असलं तरी डब्यावर लिहिलेल्या मुदतीत बदलायचं. रंगावर जाऊ नका. एकाच रंगाची दोन कूलंट आतून वेगळी असू शकतात, ती मिसळायची नाहीत. निव्वळ कूलंटही भरायचं नाही, कारण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. मिसळायला बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी. आणि काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा उघड्या डब्यात सोडायचं नाही. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय मला निदान चार ड्रायव्हरांनी सांगितला होता. भोकात हळद अडकते आणि गळती थांबते, हे खोटं नाही. रात्री घाटात अडकलात तर घरी पोचायला टाका खुशाल. पण हळदीला भोक आणि रेडिएटरची नळी यांतला फरक कळत नाही.

डमी बदलायला दीड तास लागला, त्यातला सव्वा तास सायलेन्सरचा पाईप सोडवण्यात. मामांनी जुन्या वाटीला एका कडेने पंच मारून तिरकी केली, पक्कडीने उपसली, भोकाची कड पॉलिश पेपरने घासली, सीलंट लावून नवी पितळी वाटी सॉकेटच्या आधाराने सरळ ठोकली. जुनी वाटी माझ्या हातावर ठेवली. आतल्या बाजूने ती बिस्किटासारखी झाली होती, नखाने पापुद्रे निघत होते. बाजूच्या दोघीही त्याच वयाच्या, म्हणून त्याही बदलल्या. मग आतून तीनदा साधं पाणी फिरवून गाळ काढला, नवं मिश्रण भरलं, झाकणही नवं घेतलं.

एक डमी मात्र तशीच आहे. ती ब्लॉकच्या मागे, गिअरबॉक्सच्या आड असते. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. मामा म्हणाले, क्लचप्लेट बदलायला येईल तेव्हा बघू. क्लच अजून वर्षभर तरी चालेल असं दिसतंय. तोवर वही डॅशबोर्डवर आहे, आणि गगनबावड्याच्या मागच्या चार फेऱ्यांपुढे पाण्याच्या रकान्यात शून्य लिहिलंय.